बाळंतिणीची सोबत

घरात पहिलटकरीण आली की पूर्वी तयारी कोठून सुरू होत असे, ठाऊक आहे? बाजारापासून नव्हे. घरातली म्हातारी माणसे माळ्यावरची ट्रंक खाली काढीत. धुऊन धुऊन मऊ पडलेली लुगडी नि धोतरे तिच्यात ठेवलेली असत. ती उन्हात टाकायची, फाडायची आणि त्यांचीच लंगोट, दुपटी, झबली, टोपडी शिवायची. नवे कापड तान्ह्याच्या अंगाला बोचते, असे त्या सांगत, आणि ते खोटे नव्हते. शेजारीण एखादे जुने पातळ आणून देई. पाळणा बहुधा घरातलाच असे, तीन-चार पोरे आधीच झुलवून झालेला. नाही तर कोणाकडून तरी मागून आणायचा. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, ओवा एवढी वाण्याची यादी झाली, की तयारी संपली.

आज तुमच्या घरी कोणाला दिवस गेले असतील, तर तुमच्यासमोर दुसरीच यादी असेल. छापील, लांबलचक, आणि प्रत्येक ओळीपुढे किंमत. ती वाचता वाचता बाप होऊ घातलेल्याचा घसा कोरडा पडतो. मी त्या यादीची चेष्टा करीत नाही. तीतल्या काही वस्तू खरोखरच सोयीच्या आहेत. पण ती पुन्हा एकदा वाचा आणि मला सांगा, तिच्यात माणसाचे नाव कोठे आहे? कळा सुरू झाल्या की हात कोण धरणार, रात्री मूल रडले की कोण उठणार, बाळंतिणीच्या तोंडासमोर ताट कोण आणणार, हे त्या यादीत नसते. जुन्या यादीचे उलटे होते. वस्तू चार आणि माणसे दहा. आजचे बोलणे आहे ते त्या माणसांविषयी. ती कशी होती, कशी दुरावली आणि कशी परत येऊ लागली आहेत, याविषयी.

पहिले बाळंतपण माहेरी, ही चाल आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की तिचे कारण आपण विचारीत नाही. सातव्या महिन्यात ओटी भरायची, डोहाळजेवण करायचे, आणि मुलीला आईच्या घरी पाठवायचे. सासरी ती सून. उठायला उशीर झाला तर बोलणी खायची. माहेरी तिला "आई गं" म्हणून मोकळेपणी ओरडता येई. केवळ एवढ्यासाठी ही चाल पडली असली, तरी ती शहाणपणाची म्हटली पाहिजे.

मग सुईण. वेणा सुरू झाल्या की कंदील घेऊन कोणी तरी तिच्याकडे धावे. ती येई आणि मूल होईपर्यंत, वार पडेपर्यंत हलत नसे. पाठ चोळी, कमरेला आधार देई, "झालं गं पोरी, आता थोडंच राहिलं" असे म्हणत राही. कित्येक गावांत ही सुईण मांग समाजातली असे. घरचा वारस तिच्या हातावर जगात येई, आणि त्याच हातांना एरवी त्या घरच्या पाण्याच्या हंड्याला शिवण्याची मुभा नसे! जुन्या काळाच्या गोडव्यात हे आपण विसरू नये.

आणि विसरू नये असे आणखी पुष्कळ आहे. बाळंतिणीची खोली घरातली सर्वांत अंधारी असे. सोयर म्हणून तिला दहा दिवस कोणी शिवायचे नाही. वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, आत शेगडीचा नि धुरीचा धूर. नाळ कापायला जे हाताशी येईल ते; कधी विळा, कधी पाते. नाळेला राख किंवा शेण लावीत. आईचा पहिला चीक पिळून टाकून देत, आणि आज आपण जाणतो की बाळाचे पहिले संरक्षण त्या चिकातच असते. मग पाचव्या-सहाव्या दिवसानंतर मूल आखडू लागे, दूध ओढीनासे होई. लोक म्हणत, सटवाईने नेले. तो असे धनुर्वात, नाळेच्या जखमेतून शिरलेला. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्या आज्या म्हणत. ती शोभेची म्हण नव्हती. कित्येकींना तो जन्म मिळालाच नाही.

तेव्हा सोबत होती, पण स्वच्छ हात नव्हते. मात्र अस्वच्छ हात केवळ खेड्यातल्या सुईणीचे होते, असे समजू नका. व्हिएन्ना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर नि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने पुष्कळ अधिक बाया मरत, आणि शहरातल्या बायका त्या विभागात जाण्याच्या नावाने रडत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने कारण हुडकले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन प्रसूतीला येत. 1847 साली त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याचा दंडक घातला. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्या विभागात शेकडा 18 बाया दगावल्या होत्या. पुढच्या काही महिन्यांत हे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. केवळ हात धुण्याने!

आता आपल्या पुण्यात या. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे विहीर किंवा मुलाचा गळा, एवढ्याच दोन वाटा असत. फुले दांपत्याने तिसरी वाट काढली. येथे या, सुखरूप बाळंत व्हा; मूल न्यायचे की ठेवायचे ते तुमच्या मर्जीवर. त्या घरात श्रीमंती कसली? सामानही बेताचेच. पण समाजाने जिला टाकले तिच्या उशाशी बसायला माणूस होते. सावित्रीबाई स्वतः या बायांचे करीत. अशाच एका ब्राह्मण विधवेचे मूल या दांपत्याने दत्तक घेतले, त्याचे नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना मृत्यू आला. बाळंतिणीला सोबत देणे म्हणजे काय, याचा याहून मोठा दाखला मला तरी ठाऊक नाही.

दुसरी आठवण आनंदीबाई जोशी यांची. जन्म 1865 चा. चौदाव्या वर्षाच्या आतबाहेर त्या आई झाल्या आणि दहा दिवसांत मूल गेले. मुलगी वयाने लहान, आणि तिला तपासणारी स्त्री-डॉक्टर हिंदुस्थानात मिळणे दुरापास्त. पुरुष डॉक्टराला बाईने दुखणे सांगायचे कसे? 1883 साली त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या. तिकडे त्यांनी लुगडे सोडले नाही, की शाकाहार सोडला नाही. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची एम. डी. पदवी त्यांनी घेतली. आणि प्रबंधाचा विषय? प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र! नवे शिकताना जुने काय होते तेही त्यांनी नीट पाहून घेतले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयाने पोखरलेले शरीर टिकले नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

पण वाट पडली. 1885 साली लेडी डफरिन यांच्या नावाचा फंड निघाला, त्यातून स्त्रियांसाठी रुग्णालये नि शिक्षण यांना पैसा मिळू लागला. 1886 साली मुंबईत पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून कामा रुग्णालय उघडले. तेथे बायांना तपासायला बायाच. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवांना आणि टाकलेल्या स्त्रियांना परिचारिकेचे नि सुईणीचे शिक्षण मिळवून दिले. ज्या विधवेचे तोंड मंगलकार्यात पाहायचे नाही, तीच आता शुभ्र पातळ नेसून दुसरीच्या घरी नवा जीव सुखरूप आणू लागली. काळाने घेतलेला हा सूड मोठा गोड होता.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, धनुर्वाताची लस आली. सुईणींना पाच स्वच्छता शिकवल्या जाऊ लागल्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ, आणि नाळेला काही न लावणे. सटवाईच्या पाचवीला दिलेले हे खरे उत्तर. आई आणि नवजात बाळ यांचा धनुर्वात देशातून हटल्याची मान्यता 2015 साली मिळाली. 1992-93 च्या पाहणीत देशातल्या शंभरांपैकी सुमारे 26 बाळंतपणे दवाखान्यात होत. 2019-21 च्या पाहणीत 88 हून अधिक. आणि 2018-20 च्या गणतीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 माता दगावल्या, देशात 97. प्रत्येक आकडा एकेक घर आहे, म्हणून 33 हेही थोडे नव्हेत. तरी पणजीच्या काळाशी ताडून पाहा म्हणजे दवाखान्याचे उपकार ध्यानात येतील.

मग तक्रार कसली? तक्रार एवढीच, की दवाखान्याचे दार उघडले आणि सोबतीचे दार मिटले. स्वच्छ हात आले, पण धरायचा हात बाहेर बाकावर बसला. आई दाराबाहेर, सासू दाराबाहेर. आत अनोळखी दिव्यांखाली एकटी पोर, आणि ओरडली तर वर बोलणी. हे अनुभव मी किती तरी जणींकडून ऐकले आहेत; तुम्हीही ऐकले असतील.

गंमत अशी की, हरवलेल्या या सोबतीची किंमत पुढे शास्त्रानेच मोजली. 1980 साली ग्वाटेमाला देशातल्या एका रुग्णालयातला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही बायांजवळ कळांच्या वेळी एक साधी बाई बसवली. ती डॉक्टर नव्हे, परिचारिकाही नव्हे. तिने पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचे. दाखल झाल्यापासून मूल होईपर्यंतचा वेळ एकट्या बायांना सरासरी 19 तासांहून अधिक लागला. सोबत असलेल्यांना 9 तासांहून कमी. एका लहान प्रयोगावर भिस्त ठेवू नये, हे खरे. पण 2017 साली सतरा देशांतल्या 26 प्रयोगांचा, पंधरा हजारांवर बायांचा, एकत्र आढावा निघाला. वेळेतला फरक तितका मोठा दिसला नाही. पण सतत सोबत मिळालेल्या बायांची बाळंतपणे नैसर्गिक रीतीने अधिक झाली, शस्त्रक्रिया कमी लागली, आणि त्या दिवसाची आठवण कमी कडू राहिली. आपली सुईण "आता थोडंच राहिलं" म्हणत होती, ते उगाच नव्हते तर!

आपल्याकडे गडचिरोलीने याचे दुसरे अंग दाखवले. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी तेथल्या 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केले. बाळंतपणाच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहायचे, बाळाचे वजन घ्यायचे, त्याला ऊब द्यायची, पुढे महिनाभर घरी येऊन पाहायचे. हजारी 62 नवजात बाळे दगावत होती, ती संख्या तीन वर्षांत 25 च्या घरात आली. 1999 साली हे काम जगापुढे मांडले गेले, आणि पुढे देशभर आशा कार्यकर्तींच्या घरभेटींना त्याचाच आधार मिळाला. 2016 साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत कळांच्या वेळी एका सोबतिणीला आत राहू देण्याचे ठरवले. तिला शक्यतो बाळंतपणाचा स्वतःचा अनुभव असावा, संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, एवढ्याच अटी. दीडशे वर्षे फिरून आपण पुन्हा उशाशी आलो, पण या वेळी हात धुऊन.

तेव्हा घरात कोणाला दिवस गेले असतील तर माझे ऐका. पहिल्या तीन महिन्यांत दवाखान्यात नाव घाला, तपासण्या चुकवू नका, बाळंतपण तेथेच करा. गाडी कोणाची, रक्त द्यायला कोण, हे आधी ठरवा. आणि कळांच्या वेळी आत कोण बसणार, हे दवाखान्यात आधीच विचारून ठेवा. खोलीची खिडकी उघडी असू द्या. पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्या. मध, गुटी काही चाटवू नका. डिंकाचे लाडू खुशाल करा. पण ते वळायला कोण येणार, हे आधी पाहा. पुढचे चाळीस दिवस धुणे कोणाकडे, स्वयंपाक कोणाकडे, रात्रीची पाळी कोणाची, अशी एक यादी करा आणि तीत बाळाच्या बापाचे नाव वर घाला. माहेर लांब असेल, आई थकलेली असेल, तर शेजारीण, जाऊ, मैत्रीण यांना आजच सांगून ठेवा. मागायला लाजू नका. जुने लुगडे मागताना कोणी लाजत नसे.

पाळणा मागून आणलात तरी चालेल. बाळाला तो कोणाचा, हे कळत नाही. उशाशी बसलेले माणूस मात्र आईला जन्मभर आठवते.