धारचे यंत्र आणि देवासचे यंत्र

लहानपणी संगणकावर खेळलेल्या खेळांविषयी आज पन्नाशी गाठलेली माणसे बोलू लागली, म्हणजे त्यांच्या बोलण्यात आमच्या वडीलधाऱ्यांच्या विटीदांडूविषयीच्या बोलण्यातला ओलावा उतरतो, हे आम्ही अलीकडे पुष्कळदा पाहिले आहे. अशा खेळांपैकी एक विशेष उल्लेखनीय आहे. १९८५ साली अमेरिकेतील इन्फोकॉम या कंपनीने ‘अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग’ नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. स्टीव्ह मेरेत्झ्की हा त्याचा कर्ता. या खेळात चित्र नाही. पडद्यावर केवळ शब्द उमटतात आणि खेळणाराने शब्दांनीच उत्तर द्यावयाचे असते. आपण माणूस आहोत अशा समजुतीत वाढलेल्या एका यंत्राला एके दिवशी सांगण्यात येते, की तू यंत्र आहेस. आणि मग एका राजकीय योजनेचा परिणाम काय होईल हे पाहण्यासाठी त्याला एका कल्पित नगराच्या भविष्यात, दहा वर्षे पुढे, मग वीस, मग तीस वर्षे पुढे पाठविण्यात येते. प्रत्येक खेपेस नगर अधिक उजाड झालेले दिसते. त्या कंपनीच्या इतर गाजलेल्या खेळांच्या मानाने याचा खप बेताचाच झाला. परंतु ज्यांनी तो खेळला त्यांच्या मनातून तो गेला नाही.

साहित्याच्या पत्रिकेत संगणकावरील खेळाचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की दुर्लक्षित राहिलेल्या यंत्रकल्पनेची आठवण कशी करावी हा प्रश्न त्या खेळापुरता नाही. माळव्यातील धार व देवास या पवारांच्या दोन गावांशी अशाच दोन कल्पना निगडित आहेत. एक नऊशे वर्षांहून जुनी व दुसरी शंभरांहून थोडी अधिक वर्षांची. पहिलीची आठवण आपण चुकीच्या रीतीने करतो आणि दुसरीची करीतच नाही. या दोन्ही दोषांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धारेचा परमार राजा भोज याचा राज्यकाल अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात, स्थूलमानाने १०१० ते १०५५, असा धरतात. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकांस तो ‘शृंगारप्रकाश’ आणि ‘सरस्वतीकंठाभरण’ यांचा कर्ता म्हणून परिचित आहे. परंतु वास्तुशास्त्रावरील ‘समरांगणसूत्रधार’ या त्याच्या नावावरील विस्तृत ग्रंथाकडे आमच्या साहित्यिकांचे लक्ष क्वचितच गेले. हा ग्रंथ छापून निघाला तो एका मराठी राजाच्या आश्रयाने: बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी तो १९२४ व १९२५ साली दोन भागांत संपादिला. त्याचा एकतिसावा अध्याय ‘यंत्रविधान’ हा आहे.

या अध्यायाचा आरंभ शास्त्रीय थाटाचा आहे. आपापल्या मार्गाने स्वैर जाणाऱ्या भूतांना जे नियमात आणून इष्ट दिशेस नेते ते यंत्र, अशी व्याख्या प्रथम दिली आहे. पृथ्वी, जल, अग्नी व वायू ही यंत्राची बीजे. आकाश हे त्यांचे आश्रयस्थान. पारा हे निराळे बीज आहे असे कोणी म्हणतात, परंतु तो मुळात पार्थिवच आहे, असा निर्णयही ग्रंथकार देतो. पुढे उत्तम यंत्राचे गुण सांगितले आहेत: त्याची रचना बाहेरून लक्षात येऊ नये, नको तेथे आवाज होऊ नये, सांधे ढिले वा ताठर नसावेत, संगीताच्या प्रसंगी ते तालाला धरून चालावे, आणि ते फार काळ टिकावे. आजच्या कारागिरालाही यांत उणे काढावयास जागा नाही.

त्यानंतर मात्र अध्याय शास्त्राच्या अंगणातून नवलाच्या दालनात शिरतो. रात्रीच्या प्रत्येक प्रहराला एकेक मजला वर चढणारी शय्या, नाडी मोजून वेळ सांगणाऱ्या बाहुल्या, दिव्यात तेल घालून फेर धरणारी पुतळी, पाणी पिणारा लाकडी हत्ती, तालावर नाचणारे पोपट, दाराशी शस्त्र घेऊन उभे राहणारे लाकडी द्वारपाल, पाच प्रकारची धारागृहे आणि पाच प्रकारचे फिरते झोपाळे अशी ही मिरवणूक आहे. हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करून त्याच्या पोटात पाऱ्याचे पात्र व त्याखाली अग्नी ठेवावा, म्हणजे आत बसलेला पुरुष आकाशात दूरवर जातो, हे वर्णनही येथेच आहे.

या मिरवणुकीचे स्थान राजाच्या उपवनात व महालात आहे. काही यंत्रे रक्षणासाठी आहेत हे खरे. पण बहुतेकांचे प्रयोजन विनोद, म्हणजे मन रमविणे, हेच आहे. याच भोजाच्या ‘शृंगारमंजरीकथा’ या गद्यग्रंथात राजाची स्तुती एका यंत्रपुतळ्याच्या तोंडी घातलेली आढळते. आत्मस्तुतीचा दोष टळावा म्हणून लाकडी बाहुलीला बोलते करणारा हा राजा यंत्राकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता, हे त्यावरून कळून यावे. यंत्र हे त्याला काव्याचे सोबती वाटत होते.

पाण्याच्या, वाळूच्या वा दोरीच्या बळावर चालणारी नवलाची यंत्रे त्या काळी जगात इतरत्रही होत होती. बगदादच्या बनू मूसा बंधूंनी नवव्या शतकातच अशा युक्त्यांचा ग्रंथ लिहिला होता. दाऊद अली यांनी २०१६ साली लिहिलेल्या निबंधात भोजाचे यांत्रिक उपवन याच विस्तृत जगाच्या संदर्भात ठेवून पाहिले आहे. तेव्हा धारागृहे, हलत्या पुतळ्या, घटिकायंत्रे यांतील पुष्कळ गोष्टी खरोखर घडल्या असणे संभवनीय आहे. पाऱ्याच्या पक्ष्याची गोष्ट वेगळी. तापलेल्या पाऱ्याच्या वाफेने माणसाला विषबाधा होईल. तिने लाकडी पक्षी उडणार नाही.

येथेच आमच्या पहिल्या दोषाचा उगम आहे. भोज म्हणतो, की या यंत्रांची घडण मी सांगितली नाही ती गुप्ततेसाठी, अज्ञानामुळे नव्हे. उघड केल्यास त्यांचे फळ मिळत नाही. जादूगाराने आपली पिशवी उलटी करून दाखवू नये, इतकाच याचा रसिकाला अर्थ लागतो. परंतु अभिमानाने आंधळ्या झालेल्या वाचकाला त्यात एक बुडालेले शास्त्र दिसू लागते. महाराष्ट्रास याचा अनुभव आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्या उड्डाणाला विश्वसनीय असा समकालीन पुरावा नाही. जो ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथ प्राचीन म्हणून पुढे करण्यात येतो, तो विसाव्या शतकातील रचना आहे व त्यातील विमाने उडण्यास असमर्थ आहेत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली काढला. असल्या दाव्यांच्या ओघात भोजाचा अध्यायही ओढला जातो, आणि दावा कोसळला की त्याबरोबर अध्यायाचीही टवाळी होते. ज्याने प्रशंसा केली त्याने तो वाचला नाही. ज्याने टवाळी केली त्यानेही नाही.

वास्तविक धारला कल्पना आणि कर्तृत्व यांतला भेद शिकविणारी वस्तू उघड्यावर पडलेली आहे. लाट मशिदीजवळील लोहस्तंभाचे तीन तुकडे एकत्र मोजले तर लांबी तेरा मीटरांहून अधिक भरते. दिल्लीचा सुप्रसिद्ध स्तंभ सुमारे सात मीटरांचा आहे. परंपरा हा स्तंभ भोजाशी जोडते. एवढे लोखंड घडविणाऱ्या लोहारांची कीर्ती पाऱ्याच्या विमानावर अवलंबून नाही. स्तंभ घडविला गेला आणि पक्षी कल्पिला गेला; दोन्ही गोष्टी थोर आहेत, पण त्या दोन आहेत.

आता देवासकडे वळू. धारप्रमाणेच देवासही पवारांचे; मात्र तेथे अठराव्या शतकात तुकोजी व जिवाजी या बंधूंपासून थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात नांदू लागल्या. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचे शिक्षक माल्कम डार्लिंग यांच्या ओळखीने इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ च्या नाताळात देवासला प्रथम आले, आणि १९२१ साली काही महिने महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिले. त्या वास्तव्यातील पत्रांवर आधारलेले ‘द हिल ऑफ देवी’ हे त्यांचे पुस्तक १९५३ साली निघाले. पुस्तकाचे नाव देवासच्या टेकडीवरून घेतले आहे. त्यांनी पाहिलेल्या गोकुळाष्टमीच्या उत्सवाची छाया ‘अ पॅसेज टू इंडिया’ या १९२४ च्या कादंबरीच्या अखेरच्या भागावर पडली, हे सर्वश्रुत आहे.

त्या कादंबरीच्या तेजात जी एक गोष्ट झाकोळली, ती देवासला येण्यापूर्वी, १९०९ साली, फॉर्स्टर यांनी लिहिली होती. तिचे नाव ‘द मशीन स्टॉप्स’, म्हणजे यंत्र थांबते. माणसे भूमीखाली मधमाशीच्या घरासारख्या षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात; बटन दाबले की अन्न, स्नान, संगीत, व्याख्यान सर्व हजर. आई व मुलगा पृथ्वीच्या दोन टोकांना असून हातातील प्रकाशमान तबकडीवर एकमेकांचे मुख पाहतात. मुलगा म्हणतो, मला तुला प्रत्यक्ष भेटावयाचे आहे. आईला ही मागणी असभ्य वाटते. हळूहळू यंत्राची पूजा सुरू होते, मग ते बिघडू लागते, आणि शेवटी थांबते. एच. जी. वेल्स यांनी रंगविलेल्या यंत्रस्वर्गाला हे आपले उत्तर होते, असे फॉर्स्टर यांनी पुढे नमूद केले.

ही गोष्ट लिहिणाऱ्या माणसाकडे देवासच्या दरबाराने कोणती खाती सोपविली? बागा, टेनिसची मैदाने, अतिथिगृह, मोटारी आणि विजेचे घर! बारा वर्षांपूर्वी ज्याने यंत्राच्या अंताची कथा रचली, त्याला माळव्यातील एका लहान संस्थानाचे दिवे व मोटारी सांभाळाव्या लागल्या, हा योग इतिहासाने विनोदबुद्धीनेच जुळविला असावा. अशा या लेखकाचे नाव देवासमध्ये कधी निघाले तर ते महाराजांच्या संदर्भात निघते. त्याने कल्पिलेल्या यंत्राचे स्मरण कोणी करीत नाही. इतरत्र या गोष्टीची आठवण निघते तीही बहुधा एवढ्याचसाठी, की तिने दूरचित्रसंभाषण आधीच सांगितले होते. हे ज्योतिष्याला द्यावयाचे प्रशस्तिपत्र झाले. कलावंताला त्याचा उपयोग नाही. तबकडी खरी झाली नसती तरी आईला मुलाच्या स्पर्शाची वाटणारी किळस तितकीच खरी राहिली असती.

धारच्या राजाला यंत्रात विनोद दिसला आणि देवासच्या चिटणिसाला भय. १९८५ च्या त्या खेळात दोन्ही एकत्र आली: यंत्राशी खेळता खेळता माणूस आपल्या समाजाचे भविष्य पाहून दचकतो. या तिन्ही कल्पनांचे मोल त्यांनी काय आधी सांगितले यावर ठरत नाही. आपल्या काळच्या माणसाला यंत्रापुढे उभे करून त्यांनी त्याच्या मनातले काय बाहेर काढले, यावर ते ठरते. गेलेल्या वस्तूची ओढ आम्ही त्याज्य मानीत नाही; तीवाचून कोणी जुनी पोथी उघडणारच नाही. मात्र तिने वाचनाकडे न्यावे, दाव्याकडे नेऊ नये.

म्हणून शिक्षकबंधूंस व भगिनींस आमची एक साधी सूचना आहे. यंत्रविधानाचा अध्याय अर्थासह वर्गात वाचावा. कोणते यंत्र घडविता येईल व कोणते केवळ कल्पिलेले आहे, याची निवड मुलांकडूनच करवून घ्यावी. आणि कल्पिलेल्या यंत्रांना कमी गुण देऊ नयेत. त्याच आठवड्यात फॉर्स्टर यांच्या गोष्टीचा सारांश सांगून, आईने मुलाला भेटावयास का नकार दिला, एवढाच प्रश्न विचारावा. हातात तबकडी घेऊनच वाढलेली आजची मुले त्याचे उत्तर आमच्यापेक्षा अधिक चांगले देतील, अशी आम्हांस आशा आहे.