कॉफीचे जाते

जाते आपल्या घरांतून गेले, तरी बोलण्यातून गेलेले नाही. खुंटा, वैरण, टाकी, सुपातले आणि जात्यातले, हे शब्द आजही सहज तोंडी येतात. या जात्याचे एक लहानसे लोखंडी भावंड बेळगाव, धारवाड, म्हैसूर, बंगळूर या बाजूस पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या काही मराठी घरांत होते. त्याची मात्र कोणी फारशी नोंद घेतली नाही. कॉफी दळण्याच्या हातयंत्राविषयी आम्ही बोलत आहोत. राज्य शासनाच्या सेवेत असताना आमची चिकमगळूर जिल्ह्यात बदली झाली. तेथील जुन्या बाजारात घेतलेल्या एका यंत्रापासून हा नाद लागला. आज अशी अकरा यंत्रे आमच्यापाशी आहेत आणि त्यांतील चार रोजच्या वापरात आहेत. नोकरीत जुने दस्तऐवज वाचण्याची सवय जडली होती. तीच नजर या यंत्रांना लावली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. हे यंत्र घरात केव्हा आले आणि केव्हा माळ्यावर गेले, हे बाजारात कॉफी कोणत्या रूपात मिळे यावर ठरत गेले आहे.

आरंभी कॉफी खलबत्त्यात कुटत. सोळाव्या शतकाच्या मध्यास इस्तंबूलमध्ये कॉफीगृहे उघडली. पुढे तुर्की प्रदेशात पितळी नळकांड्याचे यंत्र रूढ झाले. तेथे पूड पाण्यात उकळून न गाळताच पेल्यात ओततात, त्यामुळे ती मैद्यासारखी लागते. नळकांडे उभे आणि अरुंद, दांडा काढून पोटातच ठेवता येईल असा. प्रवासी माणसाची ही वस्तू होय. जात्यात दोन सपाट तळ्या एकमेकींवर फिरतात. येथे दातेरी कड्याच्या आत दातेरी शंकू फिरतो. वरचे मोठे दाते बी फोडतात, खालचे बारीक दाते तिची पूड करतात, आणि शंकू वरखाली करणाऱ्या स्क्रूने पूड जाड की बारीक हे ठरते. एक उणीव आहे. जात्याला टाकी लावून पुन्हा नवे करता येते. पोलादी दाते एकदा बोथटले की घरच्या घरी इलाज नाही.

पाश्चात्त्य घरांत हे यंत्र नेणारे कारखानदार मुळात लोखंडाचे व्यापारी होते. इंग्लंडमधील वेस्ट ब्रॉमविच येथील केनरिक यांचा ओतीव लोखंडाचा कारखाना १७९१ चा. त्यांनी १८१५ साली कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. लोखंडी चौकोनी पेटी, वर पितळी वाडगे, खाली पूड साठण्याचा खण, असा त्याचा घाट. फ्रान्समध्ये प्यूजो बंधूंनी १८१० साली आपल्या पिठाच्या चक्कीच्या जागी पोलादाचा कारखाना काढला. तेथे करवतीची पाती होऊ लागली आणि १८४० साली कॉफीयंत्र आले. मिरपुडीचे प्रसिद्ध यंत्र १८७४ चे, आणि मोटार त्याहूनही पुढची. पिठाच्या चक्कीपासून निघालेले घराणे पोलादामार्गे पुन्हा दळणाकडेच वळले, याची आम्हांस मोठी गंमत वाटते. लंडनच्या स्पाँग या १८५६ साली स्थापन झालेल्या कंपनीची यंत्रे टेबलाच्या कडेला आवळून बसवायची असत. त्यांवर आकारमानाचे क्रमांक ओतलेले असतात. आमच्याकडे आलेल्या यंत्रांत सर्वांत अधिक याच जातीची आहेत. जुन्या छावण्यांच्या गावी ती अजून हाती लागतात.

तरीही त्या काळी बहुतेक घरांत कच्ची बीच येई. ती चुलीवर तव्यात भाजायची, मग दळायची. एखादी खेप करपली की सारे वाया. हे चित्र अमेरिकेत पालटले. पिट्सबर्गच्या जॉन आर्बकल याने १८६५ साली भाजलेली कॉफी कागदी पुड्यांत विकण्यास प्रारंभ केला. भाजलेल्या बीवर तो अंडे व साखर यांचा लेप देई, म्हणजे ती लवकर शिळी होत नसे. भाजण्याचे काम घरातून गेले, दळण्याचे उरले, आणि कॉफीयंत्र घरोघर पोहोचले. आर्बकलच्या पुडीत पेपरमिंटची एक कांडी असे. पश्चिमेकडील गुराख्यांच्या तळावर जो यंत्र फिरवील त्याला आचारी ती कांडी देई, असे सांगतात. आमच्या परिचयाच्या एका घरी हेच काम मुलांकडे असे आणि मोबदला म्हणून भाजक्या शेंगदाण्यांची मूठ मिळे. दांडा फिरविणाऱ्याला काहीतरी द्यावे लागते, हे दोन्ही खंडांत सारखेच.

त्याच देशातील फिलाडेल्फियाच्या एंटरप्राइझ कंपनीची दोन मोठ्या चाकांची तांबडी यंत्रे किराणा दुकानांत असत. यादवी युद्धातील शार्प्स बंदुकीच्या दस्त्यात बसविलेल्या यंत्राची कथा तर संग्राहकांत फारच प्रिय आहे. अशा काही बंदुका खरोखर आहेत, पण त्यांत कॉफी नीट दळली जात नाही. ते धान्य भरडण्यासाठी असावे, हेच मत आम्हांस पटते. शिवाय या बंदुकीच्या नकला मूळ नगांहून कितीतरी अधिक आहेत. असो.

सन १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स बंधूंनी हवा काढून घेतलेल्या डब्यात कॉफी विकण्यास आरंभ केला. दळलेली पूडही आता टिकू लागली. १९३८ साली नेसकॅफे आली आणि पूड गाळण्याचेही कारण उरले नाही. त्या देशांतील यंत्रे हळूहळू माळ्यावर गेली.

आपल्याकडचा क्रम मात्र निराळा. बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही परंपरा सर्वश्रुत आहे. दक्षिणेत फिल्टरची कॉफी रुजली, ती मध्यम बारीक पुडीवर. दुकानातील पुडीविषयी जुन्या गृहिणींना विश्वास नसे, आणि त्यास कारण होते. चिकोरी पुडीत लपते, बीत लपत नाही. (आजच्या नियमांप्रमाणेही मिश्रणात कॉफी ५१ टक्के असली की पुरते.) म्हणून ऐपत असलेली घरे बी आणून, भाजून, आपल्या यंत्रावर दळीत. १९४२ च्या कॉफी कायद्याने मळेवाल्यांनी आपले पीक कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात देणे बंधनकारक झाले. घरखर्चापुरती बी ठेवता येई, बाकी सारी एकत्र मिसळून लिलावात जाई. त्यामागे युद्धकाळातील मळेवाल्यांना भाव मिळावा हा हेतू होता, आणि तो योग्यच होता. पण ती व्यवस्था युद्धानंतर अर्धे शतक टिकली आणि अमुक डोंगरावरची, अमुक मळ्याची बी ग्राहकास ओळखता येईना. जी निवडता येत नाही ती घरी दळण्याची हौस कोण करणार? विजेच्या यंत्रावर दळून देणारी दुकाने गल्लोगल्ली झाली आणि हातयंत्र मागे पडले. शासनाचे सेवक म्हणून आम्ही पुष्कळ चांगल्या हेतूंचे नियम त्यांच्या मुदतीपलीकडे चाललेले पाहिले आहेत. हा त्यांतलाच एक. हे बंधन १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने सुटले आणि १९९६ पर्यंत मळेवाल्यास आपले सारे पीक स्वतः विकता येऊ लागले. आज मळ्याच्या नावाने भाजलेली बी मिळते आणि तरुण मंडळी कित्येक हजार रुपये देऊन नवी पोलादी हातयंत्रे घेतात, त्याचे मूळ येथे आहे.

आता जुन्या यंत्रांच्या वाचनाविषयी. लाकडी पेटीच्या दोन समोरासमोरच्या बाजू गुळगुळीत असल्या, तर ते गुडघ्यांत धरून दळीत असत असे समजावे. मुठीचा रंग एकाच अंगाने गेला असेल, तर वर्षानुवर्षे बहुधा एकच हात फिरला. आमच्या एका स्पाँगच्या स्क्रूवर गंजाची रेघ आहे. स्क्रू त्या रेघेवर नेऊन दळले असता नेमकी फिल्टरला लागणारी पूड पडली. यंत्र लंडनचे, पण त्याचे आयुष्य फिल्टरच्या घरात गेले, हे त्या रेघेने सांगितले. म्हणूनच व्यापारी मंडळी यंत्रे घासूनपुसून, रंग काढून, चकचकीत करून विकतात तेव्हा आमच्या जिवाला लागते. त्याहून वाईट म्हणजे पोट पोखरून केलेले दिवे! अशी दोन आम्ही स्वतः पाहिली. एकाचे दाते भंगारात गेले होते.

वापरू इच्छिणाऱ्यांनी ओतीव लोखंडास पाणी लावू नये. कोरडा ब्रश पुरे. मग मूठभर स्वस्तातली बी दळून टाकावी. आतल्या बाजूस जुन्या रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर ते यंत्र केवळ ठेवण्यासाठी समजावे. वीस ग्रॅम दळण्यास आमच्या लाकडी पेटीला सुमारे तीन मिनिटे लागतात. तेवढ्यात पाणी उकळते.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर असे यंत्र असेल, तर ते झाडण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस चार गोष्टी विचाराव्या: ते कोणी व कोठून आणले, बी कोणत्या दुकानाची, घरी भाजत की भाजलेली आणीत, आणि दांडा कोण फिरवी. उत्तरे कागदावर लिहून, खणाच्या तळाशी घडी करून ठेवावीत.