रूपांतरी यंत्रमानव खेळणी : परीक्षण

रूपांतरी यंत्रमानव खेळणी : सांध्यांवर दुमडून यंत्रमानवाचे वाहन किंवा प्राणी करता येतो आणि तसेच उलट फिरवून पुन्हा यंत्रमानव उभा करता येतो, अशी बाहुली. चांगल्या खेळण्यात या फेरबदलात एकही भाग सुटा होत नाही. निदान होऊ नये. बाजारात अशा कोणत्याही खेळण्याला ‘ट्रान्सफॉर्मर’ म्हणतात. ट्रान्सफॉर्मर्स हे मात्र हॅस्ब्रो (अमेरिका) आणि टाकारा टॉमी (जपान) या कंपन्यांच्या मालाचे नाव आहे. ही नोंद अशी खेळणी पारखायची कशी, यासंबंधी आहे. नोंद लिहिताना जवळा बाजार (ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली) यासारख्या बाजारपेठेच्या गावातला ग्राहक समोर ठेवला आहे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दालनात खेळणे निवांत न्याहाळायची सोय असते. गावातल्या जनरल स्टोअर्समध्ये किंवा यात्रेतल्या पालावर पुठ्ठ्याला बांधलेले खेळणे घ्यायचे असते, आणि दोन मिनिटांत ठरवायचे असते.

पूर्वपीठिका : प्राणी आणि चाक यांची जोडी महाराष्ट्राला नवी नाही. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला १९७४ मध्ये धातूच्या चार ओतीव वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा असा तो ऐवज असून रथाची लांबी ४५ सेंमी. आहे आणि रेडा व गेंडा चाकांवर उभे आहेत. त्यांचे वजन पाहता ती मुलांची खेळणी नव्हेत, हे उघड आहे. हिंगोलीच्या शेजारी विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचे लाकडी बैल ओढत नेतात. ती परंपरा आजही जोरात आहे. पण या सगळ्यांत बैल तो बैलच राहतो. एक रूप दुसऱ्याच्या पोटात लपवायचे आणि मुलाच्या हाताने ते बाहेर काढायचे, ही करामत खेळण्यांच्या धंद्यात रुजवली ती जपानी कारागिरांनी.

त्या करामतीची वंशावळ मोठी गमतीची आहे. हॅस्ब्रोने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा सैनिक बाजारात आणला. जपानच्या टाकारा (आताची टाकारा टॉमी) कंपनीने त्याचा परवाना घेऊन आपला सैनिक काढला. त्याच्या अंगाच्या साच्यावरून १९७२ मध्ये पारदर्शक शरीराचा ‘हेनशिन सायबॉर्ग’ आणि १९७४ मध्ये त्याची बोटभर आवृत्ती ‘मायक्रोमॅन’ निघाली. पुढे १९८० पासून टाकाराच्या ‘डायाक्लोन’ मालिकेत आधी यंत्रे आणि नंतर हुबेहूब मोटारी यंत्रमानव होऊ लागल्या. त्यांच्यात बसायला लोहचुंबकाच्या पायांचे इवलेसे चालक असत. हॅस्ब्रोच्या लोकांनी जपानमध्ये ही खेळणी पाहिली, डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या दोन्ही मालिकांतला माल निवडला आणि १९८४ मध्ये तो ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या एकाच नावाखाली विकायला काढला. म्हणजे अमेरिकेतून गेलेला सैनिक वीस वर्षांनी ट्रकचे रूप घेऊन माहेरी आला. कथा, नावे आणि स्वभाव मार्व्हल या कॉमिक्स कंपनीत रचले गेले. बहुतेक पात्रांची नावे बॉब बुडियान्स्की यांनी ठेवली. ऑप्टिमस प्राइम हे नाव मात्र डेनी ओ’नील यांचे. गावोगावच्या मुलांना ठाऊक असलेला लाल-निळा ट्रक तो हाच.

प्रतिस्पर्धी होतेच. बान्डाई समूहातील पॉपी कंपनीची ‘मशीन रोबो’ खेळणी १९८२ मध्ये आली आणि अमेरिकेत टॉन्काने ती ‘गोबॉट्स’ म्हणून विकली. ती आकाराने लहान, स्वस्त आणि रूपबदलाला सोपी होती. आज संग्राहक त्यांना हिणवतात, पण सात वर्षांच्या मुलाच्या हाताचा विचार केला तर तो हिणकस शेरा अन्यायाचा आहे.

जी. आय. जो पुढे आपल्याकडेही आला. एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून १९८७ मध्ये सुरू झालेल्या फनस्कूल कंपनीने गोव्यातल्या कारखान्यात हे सैनिक बनवले. हॅस्ब्रोचेच साचे, पण रंगसंगती वेगळी. त्यामुळे परदेशी संग्राहक आजही हा गोव्याचा माल शोधत असतात. सीमाभागात बेळगावजवळ हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग घडवणाऱ्या एक्वस कंपनीने खेळण्यांच्या उत्पादनातही पाऊल टाकले असून कोप्पळला खेळण्यांचे संकुल उभारले आहे. विमानाचा भाग आणि खेळण्याचा सांधा यांत साम्य आहे ते मापाच्या काटेकोरपणाचे. रूपांतरी खेळण्याचे बरेवाईट ठरते तेही तिथेच.

प्राणीरूप : सुरुवातीला भर वाहनांवर होता. १९८५ मध्ये डायनोबॉट आले आणि या घराण्यात प्राण्यांचे महत्त्व वाढले. त्यांतला टायरॅनोसॉरस म्हणजे ग्रिमलॉक. त्याची रचना हातात धरून पाहण्याजोगी आहे. डायनासोरची जाड शेपटी मधोमध दुभंगते आणि तिचे यंत्रमानवाचे पाय होतात. डायनासोरचे मागचे पाय वर जाऊन यंत्रमानवाचे हात होतात. डायनासोरचे मुंडके पाठीमागे जाते आणि छातीचे दोन भाग पंखांसारखे मागे वळतात. एकाही अवयवाला दुसऱ्या रूपात तेच काम नाही आणि एकही अवयव बेकार बसलेला नाही. चाळीस वर्षांनंतरही रूपांतराचा धडा म्हणून दाखवावे असे हे खेळणे आहे.

प्राण्यांचा खरा जमाना १९९६ मध्ये ‘बीस्ट वॉर्स’ने आणला. ऑप्टिमस प्रायमल हा गोरिला, मेगाट्रॉन हा टायरॅनोसॉरस, चीटॉर हा चित्ता. कॅनडातील मेनफ्रेम कंपनीने संगणकावर घडवलेली मालिका त्याच वर्षी सुरू झाली. खेळण्याच्या दृष्टीने मोठा बदल झाला तो सांध्यांत. मोटारीची रेषा सरळ असते, त्यामुळे साधी बिजागरी भागते. चित्त्याचा खांदा चहूकडे फिरला पाहिजे. म्हणून गोळी आणि खोबणी असलेला उखळीचा सांधा सर्रास आला आणि यंत्रमानव प्रथमच नीट गुडघा टेकू लागला, पवित्रा घेऊ लागला. याची किंमतही मोजावी लागली. उखळीचा सांधा वापराने सैलावतो आणि दोन-तीन वर्षांत चित्ता अंग टाकून देतो. शिवाय प्राण्याचे कातडे लपवायचे कुठे हा प्रश्न राहतोच. बऱ्याच खेळण्यांत ते पाठीवर बोचक्यासारखे लोंबते. अशा लोंबत्या भागांना संग्राहक ‘किबल’ म्हणतात. ज्यात आत सडपातळ यंत्रमानव आणि बाहेर नुसते टरफल असते, त्याला ‘शेलफॉर्मर’.

परीक्षण : बहुतेक परीक्षणे दोन रूपांची छायाचित्रे शेजारी ठेवून संपतात. गाडी गाडीसारखी दिसते, रोबोट रोबोटसारखा. गुण देऊन मोकळे. हे चुकीचे आहे. या खेळण्याची लायकी मधल्या वाटेवर ठरते, कारण मूल खेळते ते तिथे. एखादे रूप दिसायला थोडे कमी असले तरी चालेल, पण बदल करताना हाताला पुढची पायरी आपोआप सुचली पाहिजे. पत्रक न बघता तिसऱ्या खेपेला रूपांतर जमले तर रचना चांगली. दर वेळी पत्रक उलगडावे लागत असेल तर ते मुलासाठी बनलेलेच नाही, मग खोक्यावर वय काहीही छापलेले असो.

सांध्यांची परीक्षा कानाने आणि बोटाने होते. मोठ्या खेळण्यांच्या खांद्यात व कमरेत दात्यांचा सांधा असतो; तो वळवताना स्पष्ट ‘कट् कट्’ वाजतो आणि मधल्या जागी थांबत नाही. हात आडवा धरून अवजड हत्यार दिल्यावर तो हळूहळू खाली आला तर सांधा कच्चा. गाडीचे रूप पूर्ण केल्यावर चिमटीत धरून हलवावे: दारे उघडली, टप सुटला, तर खुंट्या आणि खाचा एकमेकींत बसत नाहीत. टेबलावर सोडल्यावर चारही चाके टेकली पाहिजेत. हे इतके साधे, पण नामांकित माल यातही नापास होतो, कारण चाकांच्या मागे दुमडलेले पाय पुरते आत जात नाहीत. प्राणीरूपात हीच चाचणी चार पायांवर घ्यावी. खिडक्यांकडेही लक्ष असावे. यंत्रमानवाच्या छातीवर दिसणारी काच खरोखर गाडीचीच आहे, की गाडीची काच पाठीवर दडवून छातीवर दुसरी, खोटी काच बसवली आहे? खोटी छाती म्हणजे लबाडी नव्हे, पण रचनाकाराने हार पत्करल्याची ती खूण असते.

आकाराच्या प्रतवाऱ्या खोक्यावर असतात. ‘डिलक्स’ सुमारे १४ सेंमी., ‘व्हॉयेजर’ सुमारे १८ सेंमी., ‘लीडर’ त्याहून मोठा. ‘मास्टरपीस’ ही मोठ्यांसाठीची मालिका २००३ मध्ये जपानमध्ये जवळपास ३० सेंमी. उंच, धातूचे भाग असलेल्या ऑप्टिमस प्राइमने सुरू झाली. पैशाच्या मानाने खेळाला सगळ्यांत उजवी प्रत डिलक्स. लीडर वर्गात पुष्कळदा नुसते आकारमान विकले जाते.

प्लॅस्टिक : अंग बहुधा एबीएस या कडक प्लॅस्टिकचे असते, शिंगे, शेपटीची टोके, तलवारी मऊ प्लॅस्टिकच्या, म्हणजे डोळ्यात-पायात गेल्या तरी इजा कमी. पांढरे एबीएस उन्हाने पिवळे पडते. मऊ पीव्हीसीतला तेलकट अंश उष्णतेने पृष्ठभागावर येतो आणि भाग चिकट होतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या खेळण्यांची स्टिकरे आधी सुटतात, मग हा चिकटपणा येतो. खुंटीच्या मुळाशी पांढरे वण दिसले तर तो भाग लवकरच तुटणार असे समजावे. सोनेरी भुकटी मिसळलेल्या प्लॅस्टिकची गोष्ट तर कुप्रसिद्धच आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांतील या सोनेरी भागांची ताकद वर्षांगणिक जाते आणि न वापरता खोक्यात ठेवलेले खेळणेही पहिल्याच वळणाला चुरा होते. जुना माल विकत घेणाऱ्याने सोनेरी भाग पाहिला की रूपांतर करून दाखवायचा आग्रह धरू नये.

नक्कल माल : यात्रा-जत्रांत विकला जाणारा माल बहुतांशी नकलेचा असतो. औंढा नागनाथची महाशिवरात्रीची यात्रा काय किंवा हिंगोलीचा दसरा काय, पालांवर हीच खेळणी टांगलेली दिसतात. नक्कल म्हणून ती सरसकट टाकाऊ ठरत नाहीत. साधी, पाच-सहा पायऱ्यांची नक्कल मूळ मालापेक्षा दणकट निघू शकते. मात्र मूळ खेळण्यावरूनच साचा उठवलेला असला की मापे शतांश मिलिमीटरने हलतात, आणि तेवढ्याने ५ मिमी.ची मूठ त्याच मापाचे हत्यार धरीनाशी होते. ओळखायच्या खुणा: साच्याच्या शिवणीवर बोटाला टोचणारी धार, रंगाला येणारा उग्र वास, खोक्यावर बनवणाराचे नाव-पत्ता नसणे, आणि पेटीवरचे चित्र एक व आतला यंत्रमानव दुसराच. केवळ रूपबदलाची गंमत हवी असेल तर पैसेही लागत नाहीत. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी मुलांना शिकवलेला कागदी फ्लेक्सागॉन दुमडत राहिला की एकामागून एक चार चित्रे बाहेर येतात, आणि त्याची बिजागरी मोडत नाही.

सुरक्षितता : क्षेपणास्त्र सोडणारी स्प्रिंग हे या खेळण्यांचे जुने दुखणे. अमेरिकेत विकताना १९८४ च्या मालातल्या स्प्रिंगा मुद्दाम कमजोर केल्या होत्या. सुटे हात, बंदुका, बटणाएवढे सेल तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतात, ३१.७ मिमी. व्यासाच्या नळकांड्यात मावणारा भाग या वयाच्या खेळण्यात चालत नाही. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे (बीआयएस) प्रमाणन सक्तीचे आहे. यांत्रिक सुरक्षिततेसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ ही मानके लागू आहेत. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना यातून सूट आहे, म्हणून तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल या कचाट्यात सहसा सापडत नाही. मास्टरपीसच्या खोक्यावर ‘वय १५ व पुढे’ असे छापलेले असते, तेव्हा ते मुलाला देण्याआधी विचार करावा. आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. परदेशी खेळण्याच्या भारतातील किमतीत या कराचा मोठा वाटा आहे.

दुकानात उभ्या ग्राहकाने एवढे जरूर करावे: खोक्यावरचा आयएसआय शिक्का शोधावा आणि त्याच्याजवळ ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे छापलेला परवाना क्रमांक बीआयएस केअर या मोफत अ‍ॅपमध्ये टाकावा. परवाना खरा असेल तर उत्पादकाचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही, हे लगेच दिसते.