कुशादासी : सरकत गेलेले बंदर

एजियन समुद्रावरच्या कुशादासी बंदरात मोठी क्रूझ जहाजे सकाळी लागतात आणि संध्याकाळी सुटतात. मधल्या वेळात प्रवाशांना बसने वीसेक किलोमीटरवरच्या एफेससला नेतात, तिथले संगमरवरी अवशेष दाखवतात, जवळच्या डोंगरावरचे हजरत मरियमचे समजले जाणारे घर दाखवतात, परतताना गालिच्यांच्या दुकानात चहा पाजतात आणि पुन्हा धक्क्यावर आणून सोडतात. आम्हीही असेच फिरलो. गाइड हुशार होता, पण त्याचा इतिहास रोमनांपाशी थांबायचा आणि तिथून थेट आजच्या हॉटेलांवर उडी मारायचा. मधली सहाशे वर्षे बसच्या खिडकीबाहेरून निघून गेली. ती नेमकी मुसलमानी अमलाची वर्षे होती, म्हणून इथे त्यांच्याबद्दलच लिहितो आहोत.

एफेससच्या भव्य नाट्यगृहापासून एक रुंद फरसबंद रस्ता पश्चिमेकडे जातो. तो बंदराचा रस्ता. तो संपतो तिथे आता पाणथळ जमीन आणि झुडपे आहेत. समुद्र पाच-सहा किलोमीटर दूर गेला आहे. कुचुक मेंदेरेस नदीने शतकानुशतके गाळ आणला, रोमनांनी तो उपसून पाहिला, पण शेवटी नदी जिंकली. वस्ती हळूहळू आयासुलुकच्या टेकडीभोवती सरकली. या गावाचे नाव १९१४ मध्ये सेल्चुक झाले.

चौदाव्या शतकाच्या आरंभी हा मुलूख तुर्कांच्या हाती आला आणि पुढे आयदिन घराण्याच्या अमिरांनी इथे राज्य केले. १३३०च्या दशकात इब्न बतूता इथे आला. हाच प्रवासी पुढे दौलताबादला आला आणि त्याने मराठ्यांविषयीही लिहून ठेवले, त्यामुळे तो आपल्याला परका नाही. आयासुलुकच्या जामा मशिदीची तो तोंड भरून स्तुती करतो आणि पूर्वी हे ग्रीकांचे मोठे श्रद्धेचे चर्च होते, हेही सरळ सांगतो. याच गावात चाळीस सोन्याच्या दिनारांना एक ग्रीक दासी विकत घेतल्याची नोंदही त्याने तितक्याच सहजपणे केली आहे. आपल्याकडे तवारीख सांगताना मशिदीचे वाक्य घेतात आणि दासीचे गाळतात. आम्हाला ते पटत नाही. या किनाऱ्यावरच्या व्यापारात धान्य, घोडे होते तशी माणसेही होती.

१३७५ साली ईसा बे या अमिराने टेकडीच्या पायथ्याशी स्वतःची मशीद बांधली. कारागीर दमास्कसचा, अली नावाचा, आणि नकाशाही दमास्कसच्या उमय्या मशिदीची आठवण देणारा. आतले खांब मात्र एफेससच्या पडक्या इमारतींतून आणलेले आहेत. आम्ही गेलो तेव्हा अंगणात चार-पाचच माणसे होती. आमच्या बसला इथे थांबा नव्हता. आम्ही हट्टाने उतरलो.

या अमिरांच्या कारभाराची खरी ओळख त्यांच्या नाण्यांवरून होते. व्हेनिसच्या लोकांशी त्यांचे व्यापारी करार होते, आणि युरोपी व्यापाऱ्यांना चालावीत म्हणून आयासुलुकच्या टांकसाळीत लॅटिन अक्षरांची चांदीची नाणी पाडली गेली. मुसलमान अमीर, नाण्यावर लॅटिन अक्षरे, आणि कुणाचा दीन त्यामुळे बुडाला नाही. बंदराला अशीच अक्कल लागते.

पुढे आयासुलुकही मागे पडले आणि व्यापार कुशादासीकडे सरकला. ‘कुश’ म्हणजे पक्षी आणि ‘आदा’ म्हणजे बेट. युरोपी व्यापारी या बंदराला स्काला नोवा, म्हणजे नवा धक्का, म्हणत. ग्रीक लोक नवे एफेसस म्हणत. १६१८ मध्ये उस्मानी वझीर ओकुझ मेहमेद पाशाने इथे किल्ल्यासारखी दणकट सराई बांधली. ओकुझ म्हणजे बैल! सुलतानाचा जावई झाला तरी हे टोपणनाव काही त्याला सोडून गेले नाही. सराईची रचना पाहण्यासारखी आहे : जाड भिंती, मधे मोकळे अंगण, खाली जनावरे आणि माल, वर व्यापाऱ्यांच्या खोल्या, आणि रात्री बंद होणारा एकच भक्कम दरवाजा. मालाची हमी देणारी ही इमारत. विसाव्या शतकात तिचे हॉटेल झाले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. मे १९१९ मध्ये ग्रीक फौजा इझमीरला उतरल्या आणि त्याची झळ मुंबईपर्यंत पोहोचली. इथल्या खिलाफत कमिटीने स्मर्ना आणि अंगोरा या नावांनी निधी गोळा केले. १९२२ मध्ये तुर्कांनी ग्रीक फौजांना हटवले आणि ३ मार्च १९२४ रोजी तुर्कांनीच खिलाफत रद्द केली. एवढी कथा आपल्या घरांतून ऐकायला मिळते. मधल्या एका करारावर मात्र कुणी बोलत नाही. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसांची अदलाबदल ठरवली. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती एकीकडे, साडेतीन-चार लाख मुसलमान दुसरीकडे. यातले बरेच ख्रिस्ती करारापूर्वीच, युद्धाच्या धामधुमीत पळाले होते. त्यांना परतीची वाट बंद झाली. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले गेले.

कसोटी फक्त धर्माची होती. भाषा कुणी विचारली नाही. अनातोलियातले कितीतरी ख्रिस्ती घरात तुर्की बोलत आणि तीच ग्रीक लिपीत लिहीत. ते ग्रीसला गेले. क्रीट बेटावरच्या मुसलमानांची मायबोली ग्रीक होती. ते तुर्कस्तानात आले, काही कुटुंबे कुशादासीतही वसली. तिथल्या शेजाऱ्यांनी या कलमा पढणाऱ्यांना ‘यारिम गावुर’, म्हणजे अर्धे काफिर, म्हटले, कारण ते ग्रीक बोलत. १९२८ मध्ये तर ‘नागरिका, तुर्की बोल’ अशी मोहीमच निघाली.

‘मुसलमान असून इतके चांगले मराठी कसे बोलता?’ हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर ऐकला आहे, आणि ‘उर्दू येत नाही, मग कसले मुसलमान?’ हाही, त्यांना क्रीटच्या त्या माणसांची अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

एजियन किनाऱ्यावरच्या खानावळींत आजही रानभाज्या ऑलिव्ह तेलात परतून वाढतात आणि त्यांना ‘गिरित’ पद्धतीच्या म्हणतात. गिरित म्हणजे क्रीट. आम्ही धक्क्याजवळ तेच जेवलो. बोली आता बहुतेक घरांत म्हाताऱ्यांपाशीच उरली आहे. भाज्यांची नावे मात्र काही ठिकाणी ग्रीकच आहेत.