उष्टावण केव्हा? सहा महिन्यांचा इतिहास

"आमच्या वेळी चौथ्या महिन्यातच नाचणीचं सत्त्व द्यायचे," असं वसई-विरारमधल्या अनेक आज्या सांगतात. त्यांचं खोटं नाही. तेव्हा डॉक्टरही 'चार ते सहा महिने' असंच सांगत. बेबीफूडच्या जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९९२ च्या कायद्यातही वरचं अन्न चार महिन्यांनंतरचं धरलं होतं. पुढे २००१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असा ठराव केला. अशा बाळांना जुलाब कमी होतात, हे तोवर दिसून आलं होतं. २००३ मध्ये आपल्या कायद्यातही चारचे सहा झाले.

गंमत म्हणजे गृह्यसूत्रांत अन्नप्राशन सहाव्या महिन्यातच सांगितलंय. काश्यपसंहितेत मात्र सहाव्यात फळं आणि धान्य थेट दहाव्यात! पंचांगात मुलांना सम महिने, मुलींना विषम. त्यात मुहूर्त, मामाची रजा... उष्टावण आठव्या-नवव्या महिन्यावर जाते. मला हा उशीर जास्त खटकतो. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं.

तेव्हा समारंभ सवडीने करा, पण सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरणभात सुरू करा. आईचं दूध चालूच ठेवा. आपल्याकडचं राजेळी केळं कुस्करून जरूर द्या, पण केळ्यात लोह फारसं नसतं. डाळ, अंडं, काटे काढलेली मासळीही हळूहळू द्या.