पाणबुडीचे प्लास्टिक प्रतिरूप, रेडिओ-नियंत्रित

शोभेसाठी जोडायच्या प्लास्टिक किटमध्ये मोटर, सर्व्हो, बॅलास्ट टाकी आणि रेडिओ ग्राही बसवून पाण्याखाली चालवता येणारे पाणबुडीचे लघुरूप. रेडिओवर चालणाऱ्या बोटीपेक्षा किंवा मोटारीपेक्षा ते मुळातच वेगळे आहे, कारण ज्या क्षणी ते आपले खरे काम करू लागते त्याच क्षणी चालकाशी असलेला त्याचा धागा विरू लागतो. या छंदावरील बहुतेक लेखन गळती रोखण्यावर खर्ची पडते. गळतीचा प्रश्न खरा आहे, पण तो सुटलेला आहे. चांगली ओ-रिंग आणि बोटभर ग्रीस यांवर तो भागतो. दिल्ली आणि भोवतालच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद या पट्ट्यात रूपांतर साधणार की फसणार हे त्याआधीच ठरलेले असते. ते ठरते पाण्यात विरघळलेल्या क्षारांवर आणि त्या पाण्याला मानवणारी कंप्रता निवडण्यावर.

उदाहरणासाठी ‘किलो’ वर्गाची पाणबुडी घेणे सोयीचे. भारतीय नौदलात हा वर्ग १९८६ मध्ये दाखल झालेल्या ‘सिंधुघोष’च्या नावाने ओळखला जातो आणि ट्रम्पेटर या चिनी कंपनीचे १:१४४ प्रमाणातील किटही त्याचे मिळते. मूळ पाणबुडीची लांबी सुमारे ७२.६ मीटर, म्हणून प्रतिरूप जेमतेम ५० सेंटिमीटर. लांबी १४४ पटींनी घटते, पण आकारमान १४४ च्या घनाने, म्हणजे जवळजवळ ३० लाख पटींनी. परिणामी बुडालेल्या अवस्थेतील सुमारे ३,००० टनांचे एक किलो होते, आणि पाण्यावरचे २,३०० टन पाऊण किलोवर येतात. बॅटरी, मोटर, पंप, सर्व्हो, ग्राही आणि तोल राखणारे शिसे हे सगळे या एका किलोत बसवायचे. म्हणून अनुभवी मंडळी किटच्या कवचाला जलरोधक करण्याच्या फंदात पडत नाहीत. कवचाला भोके पाडून पाणी मुद्दाम आत येऊ दिले जाते, आणि सर्व यंत्रणा एका बंद अ‍ॅक्रिलिक नळीत ठेवतात. बॅलास्ट टाकीने मग फक्त पाणरेषेवर राहणाऱ्या प्लास्टिकच्या आणि नळीच्या भागाचे आकारमान भरून काढले की पुरते. खरी पाणबुडी ती नळी. किट हा तिचा अंगरखा. किट जितके लहान तितके काम सोपे, ही नवशिक्याची समजूत घनाच्या याच नियमावर आपटते.

आता रेडिओ. आजचे जवळजवळ सर्व छंदसंच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि पाण्याखाली वापरण्यासाठी याहून वाईट निवड शोधून सापडणार नाही. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह याच कंप्रतेच्या आसपास अन्नातले पाणी तापवतो. पाण्याचे रेणू ही ऊर्जा हौसेने शोषतात. अगदी शुद्ध पाण्यातही दर मीटरला सुमारे २४५ डेसिबल, म्हणजे दर दहा सेंटिमीटरला २४-२५ डेसिबल क्षीणन होते. शंभर मिलिवॉटचा प्रेषक, चांगला ग्राही आणि दहा मीटर अंतर धरले तर हवेतला प्रवास संपल्यावर हाताशी उरतात साधारण ६० डेसिबल. त्यांतील काही पृष्ठभागावरील परावर्तनात जातात, आणि वीस-बावीस सेंटिमीटर खोलीवर शिल्लक संपते. जुन्या संचांच्या २७ मेगाहर्ट्झचे गणित निराळे आहे. तेथे रेणूंचे शोषण नगण्य असते आणि नुकसान करते ती पाण्याची विद्युत् संवाहकता. तेव्हा पाणी कोणते, हा प्रश्न येथे निर्णायक होतो.

दिल्लीकराकडे त्याचे उत्तर आयते असते. आरओ बसवायला येणारा माणूस खिशातून काढतो तो टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) पेन प्रत्यक्षात संवाहकताच मोजतो आणि साधारण निम्म्याने गुणून आकडा दाखवतो. पेनवर २५० आले, तर २७ मेगाहर्ट्झची लहर दर मीटरला सुमारे ९ डेसिबल गमावते. १,००० आले, तर सुमारे ३०. समुद्राच्या पाण्यात हाच आकडा १८० च्या घरात जातो, म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर हा खेळ जमत नाही. नौदलही याच नियमाने बांधलेले आहे : तमिळनाडूतील ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र पाणबुड्यांशी बोलते ते मेगाहर्ट्झ सोडून थेट किलोहर्ट्झमध्ये उतरून.

यावर पहिला आक्षेप असा की २.४ गिगाहर्ट्झवरच्या पाणबुड्या तरणतलावात चालताना दिसतात. दिसतात, आणि त्याचे कारणही मोजता येते. खरी पाणबुडी पेरिस्कोप-खोलीवर १८ मीटर असेल, तर १:१४४ मध्ये ती खोली साडेबारा सेंटिमीटर होते, आणि अँटेना मनोऱ्याच्या टोकाशी नेला की संदेश पोचतो. पण ‘किलो’ची नेहमीची कमाल खोली सुमारे २४० मीटर, प्रतिरूपात ती १.६७ मीटर. तेथे २.४ गिगाहर्ट्झला ४०० डेसिबलचे नुकसान आहे, तर २५० टीडीएसच्या पाण्यात २७ मेगाहर्ट्झला अवघे पंधरा. पेरिस्कोपवर समाधान मानणाऱ्याने नवा संच खुशाल वापरावा. बुडी मारायची असेल तर जुनाच हवा.

दुसरा आक्षेप अँटेनाच्या लांबीचा. २७ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी हवेत २.८ मीटर भरते, ती अर्ध्या मीटरच्या बोटीत कशी मावणार? पाण्यात तरंगलांबी नवव्या हिश्शावर येते, म्हणजे पाव तरंग सुमारे ३१ सेंटिमीटर. तारेवरच्या प्लास्टिकच्या आवरणामुळे हा हिशेब ढळतो, तरी कवचाच्या आत, नळीच्या बाहेर ताणलेली तार सहज बसते. मोटरच्या ठिणग्यांचा गोंगाट आणि जुन्या संचांत अंगभूत फेलसेफ नसणे, या तक्रारी मात्र रास्त आहेत. पहिलीवर मोटरच्या टोकांना जोडलेले छोटे कपॅसिटर हा उपाय; दुसरीसाठी वेगळे उपकरण लावावे लागते, जे संदेश तुटताच टाकी रिकामी करून बोट वर आणते. त्याची काटकसर करू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात. ब्रिटनमधील मार्गदर्शिका ४० आणि अमेरिकेतील ७५ मेगाहर्ट्झ सुचवतात. ते पट्टे त्या त्या देशांच्या नियमांनी मॉडेलांना दिलेले आहेत, येथे ते आपोआप लागू होत नाहीत. भारतात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. परवाना नको, याचा अर्थ उपकरणाला मान्यता नको असा होत नाही. ती पाहणारी सरकारी शाखा दिल्लीतच, संचार भवनात आहे.

रेडिओच कशाला, बोट स्वतःच्या बुद्धीने का चालू नये, असाही प्रश्न निघतो. दिल्ली टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी स्वयंचलित पाणयाने बनवली आहेतच. पण ती अभियांत्रिकी वेगळी. एका किलोच्या कवचात कॅमेरे आणि संगणक भरले की किटचे रूप उरत नाही, आणि हातातल्या काडीने बोट वळवण्याची गंमतही नाही.

राहते पाणी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालवून घेतला जातो. दिल्लीच्या वायव्य व नैर्ऋत्य भागांत, नजफगडच्या बाजूला, भूजल बरेच खारे आहे; बोअरवेलवर भरलेला तलाव आणि नळाच्या पाण्याचा तलाव यांत म्हणूनच दोन वेगळ्या बोटींइतका फरक पडतो. शिवाय तरणतलावाचे पाणी हंगामभर उडत राहते, क्षार मागे उरतात आणि क्लोरीनची रसायने भर घालतात. एप्रिलमध्ये दीड मीटर खोलीवर आज्ञा पाळणारी बोट त्याच तलावात सप्टेंबरमध्ये मीटरभरावर बहिरी होऊ शकते. पेन दर खेपेला बुडवावा लागतो.