गोधडी: पिशवीत मावणारा छंद

गोधडी म्हणजे जुन्या सुती कापडाचे थर एकमेकांवर ठेवून हाताने शिवलेलं पांघरूण. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. छत्रपती संभाजीनगर आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत आजीची विरलेली साडी अशीच पुन्हा वापरात आली.

टाका एकच, धावदोरा: सुई खाली, सुई वर. म्हणूनच हात चालतो आणि डोकं निवांत होतं.

सुरुवात कशी कराल?
- अख्खी गोधडी सोबत नेता येत नाही, वीतभर चौकोन नेता येतो.
- शिंप्याकडची नवी कातरण आधी धुवा. नाहीतर ती नंतर आकसते आणि चुण्या पडतात.
- दोरा हातभरच घ्या, लांब दोरा गुंततो.

थोडे चौकोन जोडले की बाळाचं दुपटं, जास्त जोडले की गोधडी.